बिनछाप मालाचे दुकान

मुजी या जपानी दुकानात डोळ्यांत भरेल असे काहीच नसते. फिक्या लाकडाची फडताळे आणि त्यांत मापाने व रंगाने जुळवून मांडलेल्या वह्या, पेने, टॉवेल, बरण्या, सदरे. वस्तूंवर कंपनीचे नाव छापलेले नसते. किमतीची चिकटपट्टी असते, पण घरी आणल्यावर ती सोलून टाकता येते. ‘मुजिरुशी ऱ्योहिन’ या मूळ नावाचा अर्थच बिनछापाचा चांगला माल असा आहे. भारतात हे दुकान पहिल्यांदा उघडले ते २०१६ च्या ऑगस्टमध्ये, मुंबईच्या लोअर परळ भागातल्या पॅलेडियम मॉलमध्ये. चंद्रपूर-गडचिरोलीपासून ते फार दूर आहे. पण मुजीने ज्या सामग्रीवर नाव कमावले, म्हणजे न रंगवलेले कापड, न उजळवलेला कागद, साधी भांडी, ती या दोन जिल्ह्यांना नवी नाही. इथे बांबू आहे, कोसा रेशीम आहे, माती आहे आणि कागदाची गिरणीही आहे. असे असताना मुजीच्या तपकिरी वहीचे अप्रूप वाटते आणि बुरुडाने विणलेल्या सुपाचे वाटत नाही, याची कारणे तपासण्यासारखी आहेत.

मुजीचा जन्म एखाद्या साधूच्या विरक्तीतून झालेला नाही. तो व्यापारी हिशेबातून झाला. १९७९ च्या तेलटंचाईनंतर जपानी गृहिणी खर्चाला आवर घालू लागली होती. सेयु या सुपरमार्केटच्या साखळीने डिसेंबर १९८० मध्ये स्वतःच्या नावाशिवाय ४० वस्तू बाजारात आणल्या. त्यांत ३१ खाण्याचे पदार्थ होते आणि ९ घरगुती वापराच्या वस्तू. सेयु ज्या उद्योगसमूहातली, त्याचे प्रमुख सेइजी त्सुत्सुमी टोपणनावाने कविता लिहीत. उंची विदेशी कपड्यांची दुकाने जपानात रुजवण्यातही याच समूहाचा हात होता, त्यामुळे छाप मारली की किंमत किती चढते हे त्यांना आतून माहीत होते. त्यांच्या जोडीला इक्को तानाका हे चित्रकार-संकल्पक आणि जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्या काझुको कोइके होत्या. या मंडळींनी मालाची जाहिरात करताना स्वस्ताई लपवली नाही. माल स्वस्त आहे आणि त्याला कारण आहे, असे उघड सांगितले, आणि प्रत्येक वस्तूच्या वेष्टनावर ते कारण दोन-तीन ओळींत छापले.

कारणे तीन प्रकारची होती. पहिले सामग्रीचे. वाळवलेल्या शिताके अळंब्यांमध्ये अखंड आणि गोल अळंबीला भाव मिळे, तुटलेली बाजूला पडे. शिजल्यावर चवीत फरक पडत नाही, म्हणून मुजीने तुटलेल्या अळंब्या तशाच विकल्या. दुसरे प्रक्रियेचे. शेवया वाळवताना काठीवर टांगल्या की वळणाचा भाग उरतो आणि दोन्ही बाजूंच्या सरळ काड्या कापून पाकिटात भरल्या जातात. तो वाकडा तुकडा खायला तितकाच चांगला, म्हणून तोही विक्रीला आला. तिसरे वेष्टनाचे. कागदाचा लगदा पांढरा करण्याची पायरी गाळली, तेव्हा फिकट बदामी कागद हाती आला आणि वेष्टने व चिठ्ठ्या त्याच्याच केल्या. आज मुजीची ओळख बनलेला बदामी रंग कोणा रंगतज्ज्ञाने निवडलेला नाही. एक काम कमी केल्यावर जो उरला तो हा रंग आहे.

ही कागदाची गोष्ट चंद्रपूरच्या वाचकाला अधिक जवळून कळावी. थापर उद्योगसमूहाने १९४५ मध्ये स्थापन केलेली आणि पुढे बल्लारपूर इंडस्ट्रीज म्हणून ओळखली गेलेली कागद कंपनी इथलीच. वर्धा नदीचे पाणी, जवळची कोळशाची खाण, दिल्ली-मद्रास लोहमार्ग आणि मागे पसरलेले बांबूचे जंगल, एवढ्या गोष्टी एका ठिकाणी मिळाल्यावर गिरणी आणखी कुठे उभी राहणार? बल्लारपूरच्या गिरणीत कित्येक दशके चंद्रपूर-गडचिरोलीचा मानवेल बांबू रवाना होत असे. आता बांबूबरोबर सुबाभूळ आणि निलगिरीही लगद्यासाठी वापरतात.

बांबूचे तुकडे कॉस्टिक आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात दाबाखाली शिजवले की तंतू सुटे होतात. तंतूंना एकत्र धरून ठेवणारे लिग्निन बरेचसे विरघळते, उरलेले लगद्याला तपकिरी रंग देते. किराणा दुकानातला खाकी कागद आणि खोक्यांचा पुठ्ठा या अवस्थेतच थांबतो. लिहिण्याचा कागद पुढे जातो. क्लोरिनच्या संयुगांनी, अलीकडे बऱ्याच ठिकाणी ऑक्सिजन आणि पेरॉक्साइडच्या मदतीने, तो टप्प्याटप्प्याने पांढरा करतात. या पायऱ्यांत रसायने जातात, पाणी जाते, आणि त्या पाण्याची विल्हेवाट लावणे ही कागद धंद्याची जुनी डोकेदुखी आहे. पांढरेपणा अगदीच निरुपयोगी आहे असे मात्र नाही. मंद दिव्यात अभ्यास करणाऱ्या मुलाला पांढऱ्या कागदावरची शाई नीट दिसते आणि रंगीत छपाईला पांढरीच पार्श्वभूमी लागते. पण बिलाचे पाकीट, वहीचा पुठ्ठा किंवा टिपणवहीचे पान इतके शुभ्र कशाला हवे, हा प्रश्न मुजीने ग्राहकाच्या हातात ठेवला.

जून महिन्यात चंद्रपूरच्या गोल बाजारात वह्यांची खरेदी चालू असते, तेव्हा नेमके उलटे चित्र असते. एकरेघी, दुरेघी, चौरेघी, चौकटीची, शंभर पानी, दोनशे पानी, लाँग बुक अशी आतल्या पानांची विभागणी गरजेप्रमाणे चोख असते. वरचे पुठ्ठे मात्र एकमेकांवर ओरडत असतात. वाघ, मोटारी, क्रिकेटपटू, कार्टून, चकाकीचा मुलामा. मुले पुठ्ठा पाहून वही निवडतात आणि आठवड्याभरात शाळेच्या सांगण्यावरून त्यावर खाकी कव्हर चढवतात. म्हणजे शाळेने मुजीचे काम आपल्या परीने आधीच करून ठेवले आहे. फक्त छापील पुठ्ठ्याचा खर्च पालकाने केलेला असतो आणि वरून खाकी कागदाचाही.

मुजीच्या लेखनसाहित्याचे आकर्षण या रिकाम्या पुठ्ठ्यापाशी सुरू होते, पण तिथे संपत नाही. शाईचे पेन घेतले तर नळी पारदर्शक, शाई किती उरली ते दिसते. ०.३८ आणि ०.५ मिलिमीटर अशी टोकाची जाडी ठरलेली. शाई संपली की नुसती कांडी बदलायची, पेन तेच. वह्या ए५, ए६, बी५ अशा प्रमाण मापांच्या. कप्पे, खोकी, फाइली आणि फडताळे एकमेकांत बसतील अशा हिशेबाने आखलेली, त्यामुळे आज घेतलेल्या खोक्याशेजारी काही वर्षांनी घेतलेले खोके नीट बसू शकते. घरातल्या पसाऱ्याने कावलेल्या शहरी माणसाला ही जुळणी मोहात पाडते. त्याला वस्तू सुंदर वाटते, पण खरे समाधान ती इतर वस्तूंशी भांडत नाही यात असते.

निवडीचा शीण हेही एक कारण आहे. बाजारात टूथब्रशचे तीस प्रकार असले की ग्राहक दमतो. मुजी एक-दोन ठेवते. केन्या हारा हे संकल्पक या शतकाच्या सुरुवातीपासून मुजीच्या कलाबाजूचे सूत्रधार आहेत. त्यांच्या मते ग्राहकाने ‘मला हेच हवे’ असा हट्ट धरावा हे मुजीचे उद्दिष्ट नव्हे, ‘हे पुरेसे आहे’ असे त्याने समाधानाने म्हणावे. त्यांच्या मांडणीत रिकामेपणा म्हणजे उणीव नाही, वापरणाऱ्यासाठी राखलेली जागा आहे. कोरी वही विद्यार्थ्याची, गृहिणीची किंवा हिशेबनिसाची होऊ शकते. वाघाच्या चित्राची वही इयत्ता तिसरीतून बाहेर पडायला तयार नसते.

या साधेपणाची मुळे जपानात मुजीच्या पुष्कळ आधीची आहेत. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या चहागुरूने झोपडीवजा खोली, खडबडीत पेला आणि बांबूची फुलदाणी यांना दरबारी ऐश्वर्याच्या वर बसवले. विसाव्या शतकात सोएत्सु यानागी यांनी रोजच्या वापरातल्या, कर्त्याचे नाव नसलेल्या हस्तवस्तूंचे सौंदर्य मांडणारी मिंगेई नावाची चळवळ उभी केली आणि १९३६ मध्ये टोकियोत अशा वस्तूंचे संग्रहालय उघडले. मुजीसाठी दोरी ओढून सुरू होणारा, भिंतीवर टांगायचा सीडी प्लेअर रेखणारे नाओतो फुकासावा २०१२ पासून याच संग्रहालयाचे संचालक आहेत.

त्याच १९३६ साली एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले. त्याआधी काही आठवडे गांधी सेवा संघाची बैठक तेव्हाच्या चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यातल्या सावलीला झाली होती आणि तिला ते हजर होते. सावली हे तेव्हा खादीच्या कामाचे नावाजलेले केंद्र. बांबू, माती आणि कौले यांच्या सेवाग्रामच्या कुटीत चटई, बैठे मेज आणि मोजके लेखनसाहित्य एवढेच होते. आलेल्या पाकिटांची कोरी बाजू गांधीजी लिहायला वापरत. टोकियो आणि विदर्भ यांचा या बाबतीत काही पत्रव्यवहार झाला नव्हता. यंत्राने बनवलेल्या भडक मालाचा कंटाळा दोन्हीकडे आला होता, इतकेच. फरक पुढे पडला. जपानात त्या विचाराला दुकान मिळाले. इथे खादी भांडारे निघाली, पण ती बराच काळ सरकारी सूट आणि दोन ऑक्टोबरची गर्दी यांवर विसंबून राहिली.

वस्तूंचे पाहिले तर इथली बाजू कमकुवत नाही. बुरुडाचे सूप घ्या. मागची कड उभी, पुढची बाजू उघडी आणि निमुळती. पाखडताना कोंडा पुढे उडतो आणि दाणे मागे जमतात. एकही कामटी शोभेसाठी नसते. भेगा बुजवायला मेथ्या आणि जुन्या कागदांचा लगदा सारवला की पिठालाही चालते. आरमोरीच्या परिसरात ढिवर कुटुंबे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पाळतात. नागभीडकडे त्या कोशांचे कापड विणले जाते. कोशाचा मूळ रंग मधासारखा, कुणी चढवलेला नाही. मुजीच्या कपड्यांच्या फडताळात तो परका वाटला नसता. भद्रावतीत कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघाच्या रूपाने कुंभारांना चिनी मातीच्या आणि भट्टीच्या नव्या तंत्राची ओळख करून दिली. तिथल्या बरण्या आणि कुंड्या विदर्भातल्या पुष्कळ घरांत आहेत. व्यापाऱ्यांच्या जुन्या खतावण्याही आठवाव्यात. लाल कापडी बांधणी, वर काहीही छापलेले नाही, आणि रेघांऐवजी पानाला घड्या घालून पाडलेले रकाने. इतकी काटकसरीची लेखनवस्तू मुजीलाही सुचलेली नाही.

मग अडते कुठे? साधेपणा हा मुजीचा दर्शनी भाग आहे. दुकान चालते ते शिस्तीवर. २००१ मध्ये कंपनी तोट्यात गेली, सहामाहीचा आकडा ३८० कोटी येनचा होता. तादामित्सु मात्सुइ यांनी सूत्रे घेतल्यावर दुकानातले प्रत्येक काम लिहून काढायला लावले. कपड्याची घडी कशी घालावी, पुतळ्याला काय नेसवावे, ग्राहकाला काय उत्तर द्यावे, अशा बारीकसारीक सूचनांची ‘मुजीग्राम’ नावाची पुस्तिका तयार झाली. पुस्तिका म्हणणे धाडसाचे, कारण पाने सुमारे २००० आहेत. इतकी शांत दिसणारी दुकाने इतक्या लांबलचक नियमावलीवर चालतात, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ग्राहक पैसे मोजतो ते वस्तूत काय नाही याचे नव्हे. पुढच्या वर्षी तीच वस्तू त्याच मापाची आणि त्याच दर्जाची मिळेल, या खात्रीचे ते पैसे असतात.

बुरुडाकडे ही खात्री देण्याची साधने नाहीत. त्याचा पहिला प्रश्न कच्च्या मालाचा. बारीक, लवचिक कामट्या निघायला ओला हिरवा बांबू लागतो, वाळलेला चिरताना फुटतो. नोंदणी असलेल्या बुरुडांना वनविभागाकडून सवलतीत बांबू मिळण्याची सोय आहे, पण गरजेच्या वेळी हिरवा माल मिळेलच असे नाही. दुसरा प्रश्न टिकण्याचा. बांबूत पिष्ट असते. त्यामुळे भुंगा लागतो आणि टोपलीखाली पिवळसर भुसा पडू लागतो. पावसाळ्यानंतर, पिष्ट कमी असताना तोड करणे, वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवणे किंवा बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवणे हे त्यावरचे उपाय आहेत. ते केले नाहीत तर मुंबईच्या ग्राहकाने हौसेने नेलेली पेनदाणी वर्षाच्या आत कचऱ्यात जाते आणि तो पुन्हा घेत नाही. तिसरा प्रश्न मापाचा. दोन टोपल्या एकात एक बसाव्यात किंवा खोके ए५ वहीच्या मापाचे असावे, असे कुणी बुरुडाला कधी सांगितलेच नाही. आठवडी बाजारातल्या गिऱ्हाइकाला त्याची गरजही नव्हती.

बांबूवरचा हक्क हा यामागचा मोठा विषय. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडांत गणले, त्यामुळे जंगलातला बांबू तोडणे आणि नेणे वनविभागाच्या हाती राहिले. कागद गिरण्यांना तो घाऊक मिळे आणि गावाला निस्तारापुरता, म्हणजे घरगुती गरजेपुरता. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी वाहतुकीचा परवाना कोणी द्यायचा यावर गाडे अडले. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी अभ्यासगटाच्या वाटेने ही लढाई कित्येक वर्षे चालवली होती. त्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा बांबू स्वतः विकू लागल्या. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबूही झाडाच्या व्याख्येतून सुटला. गावाला बांबूचे पैसे मिळू लागले ही मोठीच गोष्ट झाली. तरीही बांबूचा बराच भाग काठीच्या रूपातच जिल्ह्याबाहेर जातो. काठीची पेनदाणी होईपर्यंत किंमत कितीतरी पटींनी वाढते आणि ती वाढ गावाच्या वाट्याला येत नाही.

ही वाढ गावातच राहावी म्हणून चंद्रपूर-मूल मार्गावर चिचपल्लीला २०१४ नंतर बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. तिथे बांबूवर प्रक्रिया करण्याचे आणि त्यापासून वस्तू बनवण्याचे शिक्षण मिळते, पदविका अभ्यासक्रमही चालतो. शिकलेल्या हातांना नेमकी मापे, ठरलेली किंमत आणि वर्षभर चालू असणारे दुकान मिळाले, तरच या शिक्षणाचा उपयोग होईल.

असे दुकान या जिल्ह्याने एकदा घडवून दाखवलेले आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समितीमार्फत आनंदवन वसवले. समितीची स्थापना १९४९ ची. कुष्ठरोगातून बरे झालेल्या, अपंग आणि अंध माणसांनी विणलेल्या सतरंज्या, चादरी, टॉवेल, पत्र्याचे आणि लाकडाचे सामान, हाताने केलेली शुभेच्छापत्रे आनंदवनाने विकायला ठेवली. दान माणसाला नासवते, काम त्याला उभे करते, हे बाबांचे ठाम मत होते. त्यामुळे माल दयेपोटी नव्हे, चांगला म्हणून खपला पाहिजे, ही अट त्यांनी स्वतःवरच घालून घेतली. ज्यांच्या हातचे कोणी पाणी घेत नव्हते, त्यांच्या हातची चादर लोकांनी घरात अंथरली. त्या चादरीवर विणणाऱ्याचे नाव नसते. शुभेच्छापत्रांची मागणी तर अशी वाढली की दिवाळीत आनंदवनाचे कार्ड पाठवणे हा मराठी मध्यमवर्गाचा रिवाज झाला. मुजीची बिनछाप वस्तू आणि आनंदवनाची बिननावाची वस्तू यांच्या मागे वेगवेगळे हेतू आहेत, पण ग्राहकाशी झालेला करार सारखाच आहे: कारण सांगू, माल नीट देऊ.

मुंबईतल्या मुजीबद्दल शेवटचा मुद्दा किमतीचा. तिथले दुकान जपानी कंपनी आणि रिलायन्स ब्रँड्स यांच्या ५१ आणि ४९ टक्के भागीदारीतून निघाले. एकाच छापाच्या दुकानांविषयीच्या तेव्हाच्या नियमांनुसार विदेशी वाटा ५१ टक्क्यांच्या वर गेला असता, तर ३० टक्के माल भारतातून घेणे बंधनकारक झाले असते. आयात केलेला माल, त्यावरचा कर आणि मॉलचे भाडे यांमुळे जपानी गृहिणीच्या काटकसरीसाठी जन्मलेली वस्तू इथे श्रीमंतांच्या चैनीची झाली. टोकियोत ती स्वस्त होती आणि त्याला कारण होते. लोअर परळमध्ये ती महाग झाली आणि त्याचे कारण वेष्टनावर छापलेले नव्हते.

बदामी कागदाची वही किंवा न रंगवलेले कापड ज्यांना आवडते, त्यांनी आधी नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर वरोऱ्याला आनंदवनात आणि पुढे भद्रावतीला थांबावे, मग मूलच्या रस्त्याने चिचपल्ली गाठावी. घेतलेल्या वस्तूत खोट निघाली तर ती करणाऱ्याला कळवावी. मापे आणि दर्जा ग्राहकाच्या अशा तक्रारींतूनच सुधारतात.